जड तेल आणि दाट तेल: एका शब्दाने झालेला घोटाळा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जगातील खनिज तेलाच्या साठ्यांवर आपल्या दैनिकात नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. व्हेनेझुएलाच्या नावावर सुमारे ३०० अब्ज पिंपे आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील तैलवाळूच्या नावावर सुमारे १६५ अब्ज पिंपे, हे आकडे सर्वत्र छापले जातात. तक्रार आहे ती त्या आकड्यांखाली आलेल्या एका वाक्याविषयी. ‘हे तेल जड असल्यामुळे सहजी वाहत नाही’, असे तेथे म्हटले आहे आणि लगेच ‘म्हणजेच डांबर’ असे सांगून विषय मिटवला आहे. मी आयुष्यातील बराच काळ तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढला आहे. तेथे हे वाक्य लिहिणाऱ्या उमेदवाराला कोणी रागावले नसते, पण त्याला पुन्हा पहिल्या दिवसाच्या पाठाला बसवले असते.

जडपणा आणि वाहण्यास होणारा विरोध यांचा एकमेकांशी आपण समजतो तसा संबंध नाही. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे, तरी तो जवळजवळ पाण्यासारखाच घरंगळतो. उलट एरंडेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके आहे. पण वाहण्याच्या बाबतीत ते पाण्याच्या शेकडो पट सुस्त आहे. पहिल्या गुणाला आपण घनता म्हणतो आणि दुसऱ्याला पाठ्यपुस्तकात विष्यंदिता असे नाव आहे, ज्याला बोलताना आपण दाटपणा म्हणतो. गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे, कारण ‘घनदाट’ या एकाच शब्दात आपण या दोघांना असे बांधून टाकले आहे की घनता म्हटले की कानाला दाटपणाच ऐकू येतो. अरण्याच्या वर्णनाला हे शोभते, पण तेलाच्या बाबतीत त्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो.

तेल उद्योगात घनता मोजण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची अंशांची मोजपट्टी वापरतात. ती उलटी आहे. १४१.५ या संख्येला तेलाच्या सापेक्ष घनतेने, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनतेने, भागून त्यातून १३१.५ वजा केले की अंश मिळतात, त्यामुळे तेल जितके हलके तितका अंश मोठा येतो आणि पाण्याचा अंश बरोबर १० येतो. सामान्यतः ३१ च्या वरचे तेल हलके, साधारण २२ च्या खालचे जड आणि १० च्या खालचे, म्हणजे गोड्या पाण्यात बुडणारे, अतिजड समजतात. आता प्रत्यक्ष वजनाचा हिशेब करून पाहावा. एका पिंपात १५९ लिटर तेल मावते. ३५ अंशांच्या चांगल्या हलक्या तेलाचे पिंप सुमारे १३५ किलोचे भरते आणि ८ अंशांच्या अतिजड तेलाचे सुमारे १६१ किलोचे. फरक वीस टक्क्यांच्याही आतला आहे. एवढ्याशा फरकामुळे एखादा द्रव जमिनीत थिजून बसेल आणि दुसरा आपोआप उसळून वर येईल, हे कोणालाही पटू नये.

खरा फरक विष्यंदितेत आहे आणि तो टक्क्यांनी नव्हे, पटींनी मोजावा लागतो. तिचे व्यवहारातले एकक सेंटीपॉइज हे आहे. साध्या तापमानाला पाण्याची विष्यंदिता सुमारे १ सेंटीपॉइज असते आणि भूगर्भातील हलक्या तेलाची बहुधा एक आकडी किंवा फार तर दोन आकडी असते. अल्बर्टातील अथाबास्का भागातील वाळूत असलेल्या बिटुमेन या काळ्या, चिकट पदार्थाची विष्यंदिता मात्र त्याच्या मूळ थरात दहा लाख सेंटीपॉइज आणि त्याहूनही वर असते. म्हणूनच ‘नैसर्गिक बिटुमेन’ कशाला म्हणावे हे ठरवताना तज्ज्ञांनी घनतेची रेषा पुरेशी मानली नाही. थराच्या तापमानाला, विरघळलेला वायू काढून टाकल्यावर, दहा हजार सेंटीपॉइजच्या वर असेल ते बिटुमेन, ही रूढ मर्यादा आहे. त्या खाली असेल ते तेल, मग ते पाण्यात बुडणारे का असेना.

आपल्या लेखात ज्या दोन साठ्यांची नावे शेजारी शेजारी आली आहेत, त्यांच्याकडे या नजरेने पाहिले तर एक मोठी गमतीची गोष्ट दिसते. व्हेनेझुएलातील ओरिनोको पट्ट्याचे तेल आणि अथाबास्काचे बिटुमेन यांची घनता जवळपास सारखी आहे. दोन्ही साधारण ८ ते १० अंशांच्या घरातली. तरीही ओरिनोकोचे बरेचसे तेल उष्णता न देता, नुसत्या आडव्या विहिरी खोदून वर काढता येते आणि अथाबास्काचे बिटुमेन तसे जागचे हलत नाही. याचे मोठे कारण थराच्या तापमानात आहे. ओरिनोकोचा थर ५० अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणून तेथे विष्यंदिता काही हजारांत राहते. अथाबास्काचा थर उथळ आणि थंड प्रदेशातला, साधारण १० अंश सेल्सियसचा. शिवाय ओरिनोकोच्या तेलात विरघळलेला वायू दाब कमी होताना मोठे बुडबुडे करून निसटून जात नाही, तर बारीक फेसाच्या रूपाने तेलातच अडकून राहतो आणि त्याला विहिरीकडे ढकलतो. एकाच वजनाचे दोन द्रव, पण एक चालतो आणि दुसरा बसून राहतो. ‘जड असल्यामुळे वाहत नाही’ या वाक्याला याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

तापमानाचा हा प्रभाव किती तीव्र आहे हे आकड्यांशिवाय लक्षात येत नाही. अथाबास्काचे जे बिटुमेन १० अंशांना दहा लाखांच्या वर असते, ते शंभर अंशांना काही शे सेंटीपॉइजवर येते आणि दोनशे अंशांना दहाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साध्या हलक्या तेलासारखे होते. या काळात त्याची घनता मात्र किरकोळच कमी होते. रॉजर बटलर या अभियंत्याने १९७० च्या दशकात जी पद्धत मांडली, ती याच वक्ररेषेवर उभी आहे. थराच्या तळाशी सुमारे पाच मीटर अंतराने एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी खोदायच्या, वरच्या विहिरीतून वाफ सोडायची आणि वाफेने तापून पातळ झालेले बिटुमेन गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत गोळा करायचे. एक पिंप बिटुमेनसाठी साधारण दोन ते तीन पिंपे पाण्याची वाफ करावी लागते, आणि ती करण्यासाठी बहुधा नैसर्गिक वायू जाळावा लागतो. साठ्याच्या तक्त्यात हा जाळलेला वायू कोठेच दिसत नाही. जेथे थर जमिनीपासून साधारण ७५ मीटरच्या आत आहे तेथे ती वाळूच खणून काढतात आणि कार्ल क्लार्क यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीने गरम पाण्यात घुसळून तिच्यातून बिटुमेन वेगळे करतात. चांगल्या प्रतीच्या तैलवाळूतही वजनाने दहा-बारा टक्केच बिटुमेन असते, त्यामुळे एका पिंपासाठी सुमारे दोन टन वाळू हाताळावी लागते.

दाटपणाची कल्पना यावी म्हणून येथे एक जुना प्रयोग आठवतो, जरी त्यातला पदार्थ खनिज तेलाचा सख्खा नसून चुलत नातेवाईक आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये काचेच्या नरसाळ्यात पिच हा डांबरी पदार्थ ओतला, तो निवू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले. हातोडीने मारले तर काचेसारखा फुटणारा तो पदार्थ तेव्हापासून गळतो आहे, आणि २०१४ पर्यंत त्याचे नऊ थेंब पडले. घन आणि द्रव यांमधली आपली रोजची सीमारेषा अशा पदार्थांपुढे टिकत नाही. आमच्या प्रयोगशाळेतही कठीण बिटुमेनचा डबा शनिवारी आडवा राहिला तर सोमवारी टेबल खरवडावे लागे.

आता हा दाटपणा येतो कोठून? बहुतेक जड तेले जन्मतः जड नव्हती. ती एकेकाळी साधी तेले होती आणि वर सरकत उथळ, थंड थरांत आली. ज्या थरांचे तापमान साधारण ८० अंशांच्या खाली असते तेथे जिवाणू जगू शकतात, आणि हे जिवाणू तेलातील सरळ साखळीचे, पचायला सोपे हायड्रोकार्बन आधी खातात. लाखो वर्षे चाललेल्या या जेवणानंतर पानात जे उरते ते बहुवलयी, फांद्याफांद्यांचे, गंधक-नायट्रोजनयुक्त रेणूंचे मिश्रण. म्हणजे बिटुमेन हे कच्चे राहिलेले तेल नसून उष्टे तेल आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. उपमा थोडी किळसवाणी असली तरी रसायनदृष्ट्या ती चुकीची नाही.

या उरलेल्या मिश्रणाचे विश्लेषण रसायनज्ञ चार गटांत करतात: संपृक्त हायड्रोकार्बन, ॲरोमॅटिक, रेझिन आणि अस्फाल्टीन. यांपैकी अस्फाल्टीन हा गट सर्वांत खोडकर आहे. अथाबास्काच्या बिटुमेनमध्ये तो वजनाने सुमारे सोळा ते अठरा टक्के असतो आणि दाटपणाचा सर्वांत मोठा वाटा त्याच्याकडे जातो. पेंटेन हे पातळ द्रावक मिसळून तो गट गाळून काढला तर उरलेल्या द्रवाची विष्यंदिता अनेक पटींनी खाली येते. त्याचे नाव झां-बाप्तिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनज्ञाने १८३७ मध्ये ठेवले. पण अस्फाल्टीन हा एक पदार्थ नव्हे. पेंटेन किंवा हेप्टेनमध्ये विरघळत नाही आणि टोल्यूनमध्ये विरघळते, अशा सगळ्या रेणूंना मिळून दिलेले ते नाव आहे. पेंटेनऐवजी हेप्टेन वापरले तर त्याच नमुन्यातून अस्फाल्टीनचे प्रमाण कमी निघते. त्यामुळे द्रावक कोणता हे न सांगता दिलेला अस्फाल्टीनचा आकडा अर्धवट असतो.

अस्फाल्टीनच्या रेणूच्या आकारावरून रसायनज्ञांमध्ये कित्येक दशके वाद चालला. जुन्या मोजमापांत रेणूभार हजारांत, कधी त्याहूनही फार मोठा येई. नंतर लक्षात आले की मोजला जात होता तो एकटा रेणू नसून एकमेकांना चिकटलेल्या रेणूंचा पुंजका होता. आज एका रेणूचा भार साधारण ५०० ते १००० च्या दरम्यान मानतात, आणि २०१५ मध्ये तर अणुबल सूक्ष्मदर्शकाने अशा एकेकट्या रेणूंच्या प्रतिमाही घेण्यात आल्या, ज्यांत मधोमध एकमेकांना जोडलेली वलये आणि कडेला लहानमोठ्या शेपट्या दिसतात. ही चपटी वलये एकमेकांवर रचली जातात, त्यांचे पुंजके होतात आणि ते पुंजके आजूबाजूचे द्रव स्वतःत अडकवून ठेवतात. म्हणून वजनाने सहावा हिस्सा असलेला गट सगळ्या द्रवाला जागीच बसवू शकतो.

मूलद्रव्यांचे प्रमाण पाहिले तरी तीच कथा वेगळ्या अक्षरांत वाचायला मिळते. अथाबास्काच्या बिटुमेनमध्ये कार्बन सुमारे ८३ टक्के, हायड्रोजन साडेदहाच्या आसपास, गंधक साडेचार ते पाच, नायट्रोजन अर्ध्या टक्क्याच्या आत आणि ऑक्सिजन सुमारे एक टक्का असतो. हलक्या तेलात हायड्रोजन तेरा-चौदा टक्के असतो. तीन टक्क्यांचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य असल्याने अणूंच्या संख्येत तो फार मोठा ठरतो. पेट्रोल आणि डिझेल यांना हायड्रोजन भरपूर लागतो. त्यामुळे शुद्धीकरण करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: बिटुमेन सुमारे पाचशे अंशांना तापवून जादा कार्बन कोकच्या रूपाने काढून टाकायचा, किंवा दाबाखाली बाहेरून हायड्रोजन घालायचा. पहिल्या वाटेत पिंपातला काही भाग कोळशासारखा होऊन बाजूला पडतो आणि दुसऱ्या वाटेत हायड्रोजन बनवण्यासाठी पुन्हा नैसर्गिक वायू लागतो. या बिटुमेनचा साधारण निम्मा भाग निर्वात ऊर्ध्वपातनातही, म्हणजे ५२४ अंशांच्या समतुल्य तापमानापर्यंतही, वाफ होऊन वर येत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.

व्हॅनेडियम आणि निकेल या धातूंचा उल्लेख लेखात नव्हता, पण कारखान्यात त्यांचीच धास्ती जास्त. बिटुमेनच्या दर दशलक्ष भागांत व्हॅनेडियमचे सुमारे दोनशे भाग असतात. ओरिनोकोच्या तेलात ते याहूनही अधिक सापडतात. उत्प्रेरकावर हे धातू साचले की तो मरतो, आणि असे तेल भट्टीत जाळले तर व्हॅनेडियमची संयुगे वितळून नळ्या खातात. गंमत अशी की याच उपद्रवी धातूंनी तेलाच्या जन्माचा दाखला दिला. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाने १९३४ च्या सुमारास तेलात व्हॅनेडियमला कवेत घेऊन बसलेली पॉर्फिरिन वलये शोधली आणि त्यांचे नाते पानांतल्या हरितद्रव्याशी जोडून दाखवले. खनिज तेल सजीवांपासून झाले, याचा तो रासायनिक पुरावा ठरला.

येथवर मी घनतेची उपेक्षा केली असे वाटेल, म्हणून सांगतो की एका ठिकाणी तिचा शब्द शेवटचा असतो आणि ते ठिकाण म्हणजे पाणी. तेल आणि पाणी यांची घनता सारखीच झाली तर टाकीत ते एकमेकांपासून सुटत नाहीत, आणि सांडल्यावर तेल तरंगेल की बुडेल हेही घनताच ठरवते. पाइपलाइनमधून पाठवण्यासाठी बिटुमेनमध्ये साधारण तीस टक्के कंडेन्सेट, म्हणजे नैसर्गिक वायूबरोबर निघणारे हलके, पातळ तेल, मिसळून ते पातळ करतात. (हे मिसळणेही जपून करावे लागते, कारण पेंटेनसारखे पातळ द्रव जास्त झाले तर अस्फाल्टीन गाळासारखे खाली बसते.) असे मिश्रण जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात पाइपलाइन फुटून कॅलमाझू नदीत मोठ्या प्रमाणात गेले. सुरुवातीला ते तरंगले. पुढे हलका भाग उडून गेला, उरलेले बिटुमेन पाण्यातील गाळाच्या कणांना धरून तळाशी गेले आणि नदीचा तळ उपसण्याचे काम काही वर्षे पुरले. पृष्ठभागावरचे तेल अडवणाऱ्या नेहमीच्या तरंगत्या पट्ट्यांचा अशा तेलापुढे फारसा उपयोग नसतो.

राहिला ‘म्हणजेच डांबर’ हा शेरा. मराठीत डांबर हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. एक कोळसा हवेविना भाजून कोक करताना सुटणारा कोलतार, ज्यातून नॅफ्थलीन मिळते आणि म्हणून कपाटात ठेवायच्या गोळ्यांना आपण डांबरगोळ्या म्हणतो. दुसरा रस्त्यावर ओतला जाणारा, कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणारा बिटुमेन. दोघे काळे आणि चिकट आहेत, एवढेच त्यांच्यात साम्य. कोलतारमध्ये बहुवलयी ॲरोमॅटिक संयुगे फार मोठ्या प्रमाणात असतात आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कोलतारच्या पिचला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. रस्त्याच्या कामातील बिटुमेनच्या धुराला तिने त्या खालच्या, ‘शक्यता आहे’ अशा गटात ठेवले आहे. अथाबास्काच्या वाळूतला पदार्थ या दोहोंहून तिसरा, कारण तो कोणत्याही कारखान्यातून निघालेला नाही आणि त्याच्यात अजून हलका भाग शिल्लक आहे. त्याला मराठीतही सरळ नैसर्गिक बिटुमेन म्हणावे. रूढ शब्द झालाच आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

आपल्या तक्त्यातील पिंपांकडे आता पुन्हा पाहू. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००९ च्या मूल्यमापनात ओरिनोको पट्ट्यात सुमारे १,३०० अब्ज पिंपे तेल जमिनीत आहे आणि त्यातील सरासरी ५१३ अब्ज पिंपे तांत्रिकदृष्ट्या काढता येतील, असे म्हटले. आडव्या विहिरींनी, उष्णता न देता, तेथे जमिनीतील तेलाचा साधारण दहावा हिस्सा हाती लागतो. वाफेच्या पद्धती वापरल्या तर हे प्रमाण कितीतरी वाढते. एकाच साठ्याचा आकडा पद्धतीप्रमाणे इतका पालटतो, तेव्हा जमिनीत पिंपे किती याबरोबरच दाटपणा किती आणि तो मोडायला उष्णता कोठून आणायची हेही त्या आकड्यात दडलेले असते. सौदी अरेबियाच्या विहिरीतील पिंप आणि हे पिंप एका स्तंभात मांडणे चूक नाही, पण तो स्तंभ तसाच सोडणे अपुरे आहे.

माझी विनंती साधी आहे. यापुढे असा तक्ता छापताना साठ्याच्या आकड्याशेजारी तेलाचे अंश आणि त्याची विष्यंदिता असे दोन आकडे द्यावेत, आणि विष्यंदितेपुढे ती किती तापमानाची आहे हे न विसरता छापावे. आमचे वरिष्ठ तापमान न लिहिलेली विष्यंदितेची नोंद वाचतही नसत. लाल शाईने आडवी रेघ मारून वही परत करीत.

कळावे,

आपला एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा रसायनज्ञ)